तुळस, सब्जा आणि खानदेशची काळी माती

खानदेशात पावसाळ्याचा पहिला पंधरवडा उलटला की वृंदावनाच्या पायथ्याशी, फरशीच्या सांध्यांत, मोरीच्या कडेला आणि भिंतीलगत साचलेल्या मूठभर मातीत तुळशीची रोपे कोणी न पेरता उगवून येतात. मात्र हेच बी कुंडीत मुद्दाम पेरले असता पुष्कळदा एकही अंकुर दिसत नाही, आणि बागकामाची नुकतीच सुरुवात केलेला माणूस बियाण्याला दोष देऊन रोपवाटिकेतून तयार रोप आणतो. बियाण्याचा दोष अशा वेळी क्वचितच असतो. आपोआप गळलेले बी मातीच्या पृष्ठभागावरच पडून राहते, त्याच्यावर कोणी माती लोटत नाही, आणि योग्य उष्णता व सलग ओलावा एकत्र मिळेपर्यंत ते तसेच थांबते; पेरलेले बी मात्र बोटभर खोल दाबले जाते, त्यावर तांब्याने पाणी ओतले जाते, वरची काळी माती दोन दिवसांत कडक होते आणि आतला नाजूक अंकुर त्या पापुद्र्याखालीच संपतो. बी जसे झाडावरून पडते तसेच ते पेरणे, एवढेच या कामातील मुख्य तत्त्व आहे, आणि ते का खरे ठरते हे समजण्यासाठी बियाची रचना, जळगाव-धुळ्याची माती आणि तेथील ऋतू यांची ओळख आवश्यक ठरते.

मराठीत ज्यांना तुळस म्हटले जाते त्या वनस्पती पुदिन्याच्या कुळातील ‘ओसिमम’ या एका प्रजातीत, म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींच्या गटात, मोडतात. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने, पानांची प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असणे आणि दोन ओठांसारखे उमललेले लहान फूल या खुणांवरून हे कूळ सहज ओळखता येते. पूजेच्या तुळशीचे शास्त्रीय नाव ‘ओसिमम टेन्युइफ्लोरम’ असे असून लिनीयसने ते १७५३ मध्ये दिले. पुढे १७६७ मध्ये त्यानेच दिलेले ‘ओसिमम सँक्टम’ हे नाव भारतीय ग्रंथांत दीर्घकाळ रूढ राहिले, परंतु आधीचे नाव ग्राह्य धरण्याच्या नियमामुळे आता पहिलेच वापरले जाते. हिरव्या पानांची राम तुळस आणि जांभळट पानांची कृष्ण तुळस या दोन निराळ्या जाती नसून एकाच जातीचे दोन प्रकार आहेत. उन्हाळ्यात सरबतात आणि फालुद्यात भिजवून घातला जाणारा सब्जा हे ‘ओसिमम बॅसिलिकम’ या दुसऱ्या जातीचे बी होय, आणि मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत पास्ता किंवा पिझ्झावर ज्याची पाने घातली जातात तो ‘बेसिल’ याच जातीचा, फक्त रुंद पानांचा प्रकार आहे. त्यामुळे जळगावच्या किराणा दुकानातील सब्जाची पुडी आणि बियाणे-विक्रेत्याकडील बेसिलचे रंगीत पाकीट यांत जातीचा भेद नसून वाणाचा भेद असतो, आणि पेरण्याची रीत दोघांचीही सारखीच असते.

या दोन जातींतील एक फरक मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवावा लागतो. सब्जा हंगामी आहे. त्याला फुले येऊन बी धरले की झाड आपले आयुष्य संपवू लागते आणि दरवर्षी नव्याने पेरणी करावी लागते. तुळस बहुवर्षायू आहे, तिचे खोड खालून लाकडासारखे होत जाते आणि बरी निगा राखली तर ती दोन-तीन वर्षे सहज टिकते. ज्याला पहिल्यांदाच बियांपासून रोप करून पाहायचे आहे त्याने सब्जापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते, कारण त्याचे बी मोठे असते, ते लवकर रुजते आणि चूक कोठे झाली हे आठवड्याभरात कळते.

वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली की हे बी प्रत्यक्ष पाहता येते. मंजिरीच्या दांड्यावर थराथराने सहा-सहा फुलांची वलये असतात. प्रत्येक फूल गळून गेल्यावर त्याचा पुष्पकोश, म्हणजे फुलाला खालून धरणारी वाटी, तशीच राहते आणि तपकिरी, कागदासारखी कोरडी होते. तिच्या तळाशी जास्तीत जास्त चार दाणे असतात. व्यवहारात त्यांना बी म्हटले जात असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने प्रत्येक दाणा हे एकेक लहान, कठीण कवचाचे फळ असते आणि त्याला कपालिका म्हणतात. सब्जाचा दाणा काळा, लांबट आणि सुमारे दोन मिलिमीटरांचा असतो. तुळशीचा त्याच्या निम्म्याने, गोलसर आणि तांबूस-तपकिरी असतो, इतका हलका की चोळताना श्वास जोरात सोडला तरी तो उडून जातो. एक हेक्टर तुळशीच्या लागवडीला पुरतील एवढी रोपे तयार करण्यासाठी दोनशे ते तीनशे ग्रॅम बी पुरेसे होते, यावरून त्या दाण्याच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी.

सब्जाचे काही दाणे बशीत घेऊन त्यावर पाणी सोडले की मिनिटभरातच प्रत्येक काळ्या दाण्याभोवती निळसर-पांढरे, अर्धपारदर्शक वलय दिसू लागते आणि दहा-पंधरा मिनिटांत दाणा मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतो. दाण्याच्या बाह्य पेशींमध्ये पेक्टिन आणि त्यासारख्या इतर शर्करायुक्त पदार्थांचा साठा कोरड्या अवस्थेत दडपून भरलेला असतो. पाणी लागताच या पेशी फुटतात आणि तो साठा श्लेष्मल द्रव्याच्या, म्हणजे बुळबुळीत जेलच्या रूपाने बाहेर पसरतो. तुळशीच्या दाण्याभोवतीही असाच थर येतो, फक्त तो पातळ असतो. मेक्सिकोकडून आलेला आणि हल्ली सब्जाच्या बरोबरीने विकला जाणारा चिया हा याच कुळातील ‘साल्व्हिया’ प्रजातीचा असून त्याचे दाणे करडे, ठिपकेदार असतात आणि फुगायला अधिक वेळ घेतात. सब्जा एकसारखा काळा असतो, त्यामुळे दोन्हींची गल्लत होण्याचे कारण नाही.

उन्हाळी सरबतात गारवा देणारे हे जेल मुळात माणसाच्या घशासाठी निर्माण झालेले नसून बियाच्या संरक्षणासाठी आहे. पहिल्या सरीत भिजलेला दाणा जेलमुळे मातीच्या कणांना घट्ट चिकटतो, त्यामुळे पुढच्या सरीत तो वाहून जात नाही. शिवाय पाऊस थांबल्यावर वरची माती सुकू लागते तेव्हा दाण्याभोवती थोडे पाणी धरून ठेवण्याचे कामही तेच करते. उघड्यावर, पृष्ठभागावर पडून रुजण्यासाठी तयार झालेल्या बियाची ही सारी तजवीज आहे. तिची दुसरी बाजू अशी की माती सतत चिखलासारखी राहिली तर पाण्याने तट्ट फुगलेला हा थर बियाला मिळणारी हवा अडवतो आणि बी कुजते.

मेथी, धणे किंवा कारल्याचे बी पेरण्यापूर्वी रात्रभर भिजत घालण्याची सवय अनेक घरांत असते आणि त्या बियांच्या बाबतीत ती योग्यही आहे. सब्जा आणि तुळशीच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते, कारण भिजलेले दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो, ते सुटे करून पसरता येत नाहीत आणि ओढूनताणून वेगळे केले तर फुटू लागलेल्या मुळाला इजा होते. या जातींचे बी नेहमी कोरडेच पेरावे. बुरशीपासून संरक्षणासाठी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी वापरायची असली तरी तिची पूड चाळलेल्या शेणखतात मिसळावी. पाण्यात कालवून बियाला चोळू नये.

बी विकत आणण्याऐवजी किराणा दुकानातील सब्जा पेरून पाहणे हा अगदी स्वस्त मार्ग आहे, कारण तो भाजलेला किंवा दळलेला नसतो. प्रश्न असतो तो त्याच्या वयाचा. त्यासाठी ओल्या सुती फडक्यावर शंभर दाणे अंतराअंतराने पसरून, फडके दुमडून, झाकणाच्या डब्यात आठवडाभर सावलीत ठेवावे आणि किती दाण्यांना मूळ फुटले ते मोजावे. साठ-सत्तर फुटले तर बी उत्तम, वीस-तीस फुटले तर त्याच प्रमाणात दाट पेरावे, आणि त्याहून कमी असेल तर ते सरबतासाठी ठेवावे. शेतकरी सोयाबीनची उगवणक्षमता गोणपाटावर तपासतात ती हीच पद्धत होय.

आता मातीकडे वळता येईल. जळगाव आणि धुळे हे जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये झालेले पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग. तापी, गिरणा, पांझरा, बोरी आणि वाघूर यांच्या खोऱ्यांतील येथील जमीन मुख्यतः बेसाल्ट खडक झिजून बनलेली काळी कसदार जमीन आहे. कापसाला आणि केळीला साजेशी असलेली ही माती लहान बियांच्या पेरणीला मात्र अडचणीची ठरते. तिच्यातील चिकणमातीचे कण प्रामुख्याने ‘माँटमोरिलोनाइट’ या खनिजाचे असतात. या खनिजाचे पातळ थर पाणी शोषून फुगतात आणि सुकताना आकसतात, म्हणून उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन पायाला चिकटते. कुंडीत हीच माती भरली की पाणी घातल्यावर वर चिखल होतो, तो सुकून टणक पापुद्रा बनतो आणि तुळशीच्या दाण्यातील जेमतेम अन्नसाठ्यावर वाढणारा अंकुर तो फोडू शकत नाही. कापसाच्या किंवा हरभऱ्याच्या अंकुरात जी ताकद असते ती येथे नसते, कारण ती ताकद बीजदलांत साठवलेल्या अन्नातून येते आणि एवढ्याशा दाण्यात ते अन्न मावतच नाही.

त्यामुळे शेतातली काळी माती नुसती वापरू नये. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले आणि चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नदीची जाडसर वाळू हे मिश्रण मोठ्या कुंडीसाठी पुरेसे मोकळे राहते. बी रुजवण्याच्या ट्रेसाठी तर माती वगळून कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेणे अधिक चांगले. मिरची-टोमॅटोच्या रोपांसाठी खानदेशातील रोपवाटिका जे ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे वापरतात ते याला अगदी योग्य असतात. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यात हुमणीच्या अळ्या आणि बुरशी दोन्ही येतात आणि ते कुजताना निर्माण होणारी उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही. बोअरवेलचे पाणी खारे असेल तर मातीवर पांढरट थर साचतो. अशा ठिकाणी रोपे लहान असेपर्यंत तरी पावसाचे साठवलेले किंवा गोडे पाणी वापरावे.

पेरणीचा काळ हा विषय खानदेशात अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण बागकामाची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिलेली असल्याने त्यांचा सारा भर थंडी टाळण्यावर असतो, आणि येथे तर थंडी व ऊन दोन्ही टोकाचे असतात. या बियांना रुजण्यासाठी २० ते ३० अंश सेल्सियस तापमान मानवते. १० ते १२ अंशांच्या खाली सब्जाची वाढ थांबते आणि पाने काळी पडू लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो; उलट धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची नोंद अनेक हिवाळ्यांत होते. या दोन्ही टोकांच्या मध्ये पेरणीसाठी तीन मोकळ्या खिडक्या राहतात. पहिली जूनअखेर ते जुलै, जेव्हा हवेत दमटपणा असतो आणि तापमान उतरलेले असते. बी आपोआप उगवते तेही याच दिवसांत, आणि नवशिक्याने हाच काळ निवडावा, फक्त ट्रे मुसळधार सरींत उघड्यावर ठेवू नये. दुसरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे पाऊस ओसरल्यानंतर. यात रोपांना थंडीपूर्वी सहा-सात आठवडे मिळतात. तिसरी फेब्रुवारी, ज्यात रात्रीची थंडी कमी झालेली असते आणि मेच्या उन्हाळ्यापूर्वी झाड मुळे धरते. फेब्रुवारीत पेरलेल्या सब्जाची पाने एप्रिलमध्ये खुडता येतात, त्यामुळे पानांसाठी पेरणाऱ्याला ही खिडकी फायद्याची असते. एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारीत पेरणी करून पाहण्यात श्रम वाया जातात.

प्रत्यक्ष पेरणीचे काम फार थोड्या वेळाचे असते, पण त्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. ट्रे किंवा उथळ कुंडी मिश्रणाने भरून ते तळहाताने हलके दाबावे, आणि बी टाकण्यापूर्वीच पूर्ण भिजवून पाणी निथळू द्यावे, म्हणजे नंतर वरून पाणी ओतावे लागत नाही. बी चिमटीत धरून पसरले तर एका जागी शंभर आणि दुसरीकडे एकही नाही असे होते. म्हणून चिमूटभर बी चार-पाच चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळून मग पसरावे. खानदेशात तीळ पेरताना बी वाळूत किंवा राखेत मिसळण्याची जी रीत आहे ती याच कारणासाठी असते. जमिनीवर रोपे करायची असतील तर कांद्याचे उळे टाकण्यासाठी करतात तसा मीटरभर रुंद आणि दहा-पंधरा सेंटिमीटर उंच गादीवाफा करून त्यावर चार-चार बोटांच्या अंतराने उथळ रेघा ओढाव्यात आणि त्यांत बी सोडावे. पसरलेल्या बियांवर चाळणीतून कोकोपीट किंवा गांडूळखत एवढेच भुरभुरावे की दाणे जेमतेम झाकले जातील. तुळशीचे बी तर नुसते तळहाताने दाबले आणि उघडे ठेवले तरी चालते. अर्ध्या सेंटिमीटरहून खोल गेलेला दाणा बहुधा वर येत नाही.

पेरणीनंतरचे पहिले दोन आठवडे पृष्ठभाग एकदाही पूर्ण सुकता कामा नये. एकदा फुगलेले बी सुकले की त्यातील जागा झालेला अंकुर पुन्हा झोपी जात नाही, तो मरतो. आणि नवशिक्यांच्या हातून बी वाया जाण्याचे, खोल पेरणीच्या खालोखाल, हेच कारण असते. ट्रेवर ओले गोणपाट किंवा जुने सुती कापड घालावे, त्यावर सकाळ-संध्याकाळ फवारणीच्या बाटलीने पाणी शिंपडावे, किंवा ट्रे पाण्याच्या परातीत काही मिनिटे ठेवून खालून पाणी वर चढू द्यावे. तांब्याने किंवा पाइपने घातलेले पाणी बी एका कोपऱ्यात गोळा करते. मुंग्या बी वाहून नेतात, म्हणून ट्रे मांडणीवर ठेवून तिचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवणे हा साधा उपाय उपयोगी पडतो.

सब्जा चार ते सात दिवसांत आणि तुळस आठ ते चौदा दिवसांत रुजते. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढावे, कारण एक-दोन दिवस जरी अंधार राहिला तरी अंकुर उजेडाच्या शोधात लांब, पिवळट आणि अशक्त होतो व मग सरळ उभा राहत नाही. पहिली दोन पाने ही खरी पाने नसून बीजदले असतात. या प्रजातीत ती अर्धचंद्राच्या आकाराची, देठाकडची बाजू सरळ आणि बाहेरची बाजू गोल अशी असतात, त्यामुळे ट्रेमध्ये उगवलेले तण लगेच वेगळे ओळखता येते आणि चुकून आपलीच रोपे उपटली जात नाहीत. दहाएक दिवसांनी त्यांच्या मधोमध खऱ्या पानांची पहिली जोडी येते आणि ती बोटांत चोळली की वास येतो.

या वयात एक रोग फार झपाट्याने पसरतो. काल सरळ उभी असलेली रोपे आज जमिनीलगत काळपट, पाणीदार होऊन आडवी पडलेली दिसतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या मातीतील रोगकारकांमुळे होणाऱ्या या प्रकाराला रोपे कोलमडणे असे म्हणतात. एकदा पडलेले रोप उभे राहत नाही, त्यामुळे प्रतिबंध हाच उपाय उरतो: बी दाट न टाकणे, रोपे उगवल्यानंतर संध्याकाळी पाणी न घालता सकाळीच घालणे, ट्रे हवेशीर जागी ठेवणे आणि तळाला भोके असणे. उगवण दाट झाली असेल तर जादा रोपे न उपटता लहान कात्रीने बुंध्यापाशी कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपांची मुळे हलत नाहीत. ही विरळणी करताना नवशिक्याचा हात अडतो, परंतु एका कप्प्यात पाच रोपे वाढवण्यापेक्षा एकच जोमदार रोप वाढवण्यात खरा लाभ असतो.

रोपाला खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की, म्हणजे पेरणीपासून साधारण पाच-सहा आठवड्यांनी, ते कायमच्या जागी लावावे. सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात नेले तर पाने पांढरी पडून करपतात, म्हणून आठवडाभर त्याला रोज थोडे अधिक ऊन दाखवत कणखर करावे लागते. जळगाव परिसरात ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, केळीची रोपे शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी हरितगृहातून शेडनेटमध्ये आणून टप्प्याटप्प्याने सरावाला लावली जातात. जैन इरिगेशनसारख्या संस्थांमुळे हे तंत्र जिल्ह्यात सर्वपरिचित झाले आहे, आणि कुंडीतील तुळशीलाही त्याच शास्त्राची गरज असते. लागवड संध्याकाळी करावी, मुळांभोवतीचा गोळा फोडू नये आणि एका रोपाला निदान आठ-दहा इंचांची कुंडी द्यावी. फेब्रुवारीच्या पेरणीतील रोपांवर एप्रिलपासून निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधणे भाग असते. केळीच्या बागायतदारांनी उष्ण वाऱ्यापासून बाग राखण्यासाठी बांधावर शेवरी लावण्याची जी प्रथा पाळली आहे तिच्यामागेही हेच निरीक्षण आहे की खानदेशात उन्हाइतकेच नुकसान कोरडा, तापलेला वारा करतो.

रोप वीतभर झाले की त्याचा शेंडा खुडावा. शेंड्याच्या टोकाला ‘ऑक्झिन’ हे संप्रेरक, म्हणजे वाढीवर नियंत्रण ठेवणारे रसायन, तयार होऊन खाली झिरपते आणि पानांच्या बगलेतील कळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा गेला की हा दाब उठतो आणि पानांच्या खालच्या जोडीच्या दोन्ही बगलांतून दोन नव्या फांद्या निघतात. पुढे प्रत्येक फांदीचा शेंडा असाच खुडत गेले की एका खोडाची सरळ काठी न होता गोल, पसरट झुडूप तयार होते. सब्जाची पाने वापरायची असतील तर मंजिरी दिसताच तीही खुडावी, कारण फुलोरा आल्यावर झाड नवी पाने फार थोडी काढते. खुडलेली पाने फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने ती काळी पडतात, फांद्या पाण्याच्या पेल्यात उभ्या ठेवल्या तर काही दिवस टवटवीत राहतात. पानांवरील सूक्ष्म तैलग्रंथींत सुवास साठलेला असतो आणि तो जातीनुसार बदलतो: लवंगेची आठवण देणारे युजेनॉल तुळशीत अधिक असते, भारतीय सब्जात बडीशेपेसारखा वास देणारे मिथाइल चॅव्हिकॉल, तर रुंद पानांच्या बेसिलमध्ये लिनॅलूल. म्हणूनच किराणा दुकानातील सब्जा पेरणाऱ्याने परदेशी पाककृतीतील नेमक्या चवीची अपेक्षा ठेवू नये.

वृंदावनातील तुळस वारंवार वाळण्यामागे बहुतेक वेळा मातीच कारणीभूत असते. सिमेंटच्या अनेक वृंदावनांना तळाशी पाणी जाण्यासाठी भोकच नसते. रोज सकाळी श्रद्धेने घातलेले तांब्याभर पाणी खाली साचत जाते, काळी माती ते धरून ठेवते आणि हवेअभावी मुळे कुजतात. वरून झाड सुकलेले दिसते, म्हणून आणखी पाणी घातले जाते. दुधाचे थेंब, हळद-कुंकवाचा थर आणि बुंध्याशी लावलेला दिवा यांचा त्रास त्यात भर घालतो. वृंदावनाला तळाशी एक छिद्र पाडून त्यावर विटांचे तुकडे आणि वाळू घातली, पाण्याची धार बुंध्यावर न सोडता कडेने सोडली आणि दिवा कोनाड्यात ठेवला तर पूजेचा कोणताही भाग कमी न होता तुळस टिकते. पानांवर वरून पिवळे ठिपके आणि खालून काळे शिंतोडे दिसू लागले तर ते जाळीदार पंखांच्या लहान ढेकणाचे काम असते. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि त्यानंतर निंबोळी अर्काची फवारणी केली की तो आटोक्यात येतो.

कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, झाडे मंजिऱ्यांनी भरलेली असतात आणि पुढील वर्षाचे बी धरण्याची वेळही तीच असते. मंजिरी खालून वर पिकत जाते. टोकाला फुले असतानाच तळाची वाटी तपकिरी झालेली असते, म्हणून दोन-तृतीयांश मंजिरी वाळली की ती कापून कागदावर सावलीत पसरावी आणि पूर्ण कडक झाल्यावर चोळून, बारीक चाळणीतून चाळून, सुपात अगदी हलक्या हाताने पाखडावी. मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेत असल्याने कृष्ण आणि राम तुळस शेजारी असतील तर त्यांच्या बियांतून दोन्ही रंगांची आणि मधल्या छटांची रोपे येतात. शुद्ध कृष्ण तुळस हवी असेल तर रोपे लहान असतानाच जांभळी तेवढी निवडून ठेवावी लागतात. तुळस आणि सब्जा यांचा मात्र सहसा संकर होत नाही.

बियाण्याच्या साठवणीबाबत हॅरिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलेला स्थूल नियम खानदेशासाठी फार महत्त्वाचा आहे: बियातील ओलावा एका टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान सुमारे पाच अंशांनी उतरले तर बियाचे आयुष्य जवळपास दुप्पट होते. याचा अर्थ असा की पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्याच्या उन्हात कागदी पुडीत ठेवलेले सब्जाचे बी लवकर निकामी होईल, आणि तेच बी नीट वाळवून, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, तळाशी भाजून थंड केलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात ठेवले तर चार-पाच वर्षे पेरता येईल. बाटलीवर जातीचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे, आणि ती फ्रिजमधून काढल्यावर बाहेरच्या उष्णतेला येईपर्यंत झाकण उघडू नये, कारण थंड बियांवर हवेतील बाष्प जमून तो ओलावा जेलच्या थराला जागे करतो.